हृद्रोग-परिचर्येचे शिक्षण : एक पाठ्यग्रंथ आणि त्यातील एक उणीव

१

व्यावसायिक शिक्षणासाठी लिहिलेले ग्रंथ सहसा समीक्षेचा विषय होत नाहीत. त्यांच्याकडे उपयुक्ततेच्या दृष्टीने पाहिले जाते आणि नवी आवृत्ती निघाली की जुनी विस्मृतीत जाते. परंतु असा ग्रंथ केवळ माहिती देत नाही. आपला वाचक कोण आहे, त्याने काय पाहावे, कोणाशी कसे बोलावे आणि कोठे गप्प बसावे याविषयीची एक कल्पनाही तो गृहीत धरतो. ही कल्पना ग्रंथाच्या शब्दांतून व मौनांतून शोधता येते. म्हणूनच अत्यवस्थ हृद्रोग्यांच्या परिचर्येचे शिक्षण हा विषय वैद्यकाचा असला, तरी त्याचा एक महत्त्वाचा भाग भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो.

लॉरेन्स मेल्ट्झर, रोझ पिनिओ आणि जे. रॉडरिक किचेल यांचा 'इंटेन्सिव्ह कोरोनरी केअर : अ मॅन्युअल फॉर नर्सेस' हा ग्रंथ १९६५ साली फिलाडेल्फिया येथे प्रथम प्रसिद्ध झाला. तीन लेखकांपैकी रोझ पिनिओ या स्वतः परिचारिका होत्या. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अतिदक्षता कक्षातील परिचारिकांच्या शिक्षणाची आखणी बरीचशी त्याने घालून दिलेल्या वाटेने झाली. प्रस्तुत लेखात या ग्रंथाने काय साधले, काय वगळले आणि त्या वगळलेल्या भागाचा महाराष्ट्रातील परिचर्या-शिक्षणाशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार केला आहे.

२

ग्रंथाचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडली म्हणजे जो झटका येतो, त्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सक्तीची विश्रांती, वेदनाशामक औषध आणि प्राणवायू यांपलीकडे फारसा उपाय नव्हता. रोगी सर्वसाधारण कक्षात खाटेवर पडून असे. परिचारिका ठरलेल्या वेळी नाडी व रक्तदाब मोजी, आणि दोन नोंदींच्या मधल्या काळात हृदयाची लय बिघडून रोग्याचा मृत्यू झाला, तर तो पुष्कळदा पुढच्या फेरीतच उघडकीस येई.

१९६० साली कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. विद्युत्‌-आघाताने हृदयाची लय पूर्ववत करण्याचे तंत्र त्याआधीच हाती आले होते. या दोहोंचा अर्थ एकच होता : हृदय थांबणे म्हणजे मृत्यू असे समीकरण आता उरले नव्हते; मात्र ते थांबल्याचे काही मिनिटांत कळले पाहिजे आणि कळताक्षणीच कोणीतरी कृती केली पाहिजे. १९६१ साली डेस्मंड ज्युलियन यांनी 'द लॅन्सेट'मध्ये असे सुचविले की, अशा रोग्यांना एकत्र ठेवावे, त्यांच्या हृदयाच्या विद्युत्‌-आलेखावर सतत नजर असावी आणि तेथील कर्मचारी पुनरुज्जीवनाच्या कामात तयार केलेले असावेत. १९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस राज्यात कॅन्सस सिटी येथील बेथनी रुग्णालयात ह्यूज डे यांनी असा कक्ष सुरू केला. त्याच सुमारास टोरोंटो, सिडनी आणि फिलाडेल्फिया येथेही असे प्रयत्न झाले.

या सर्वांत मेल्ट्झर यांचे वेगळेपण एका प्रश्नाच्या उत्तरात होते. चोवीस तास आलेखासमोर बसणार कोण? डॉक्टर बसू शकत नव्हता. यंत्र पाहू शकत होते, पण कृती करू शकत नव्हते. निलयांचे निष्फळ थरथरणे, ज्याला दवाखान्यातील बोलीत 'व्हीएफ' म्हणतात, सुरू झाले की छातीवर दाब न दिल्यास विद्युत्‌-आघाताला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. निरोप जाऊन डॉक्टर येईपर्यंत हा हिशेब संपलेला असतो. म्हणून त्या वेळी खाटेजवळ जी व्यक्ती असेल तिलाच निदान करता आले पाहिजे आणि आघात देण्याचा अधिकारही तिलाच असला पाहिजे. आणि ती व्यक्ती परिचारिका असते. या एका विधानावर ग्रंथाची सारी रचना उभी आहे.

३

या दृष्टीने पाहिले असता ग्रंथाचे यश असामान्य आहे. विद्युत्‌-आलेख वाचणे ही तोवर डॉक्टरची, त्यातही तज्ज्ञाची विद्या मानली जाई. ग्रंथाने ती परिचारिकेच्या हाती दिली, आणि ती देताना सोपी करण्याच्या नावाखाली पातळ केली नाही. लय नियमित आहे की नाही, गती किती, प्रत्येक ठोक्याआधी अलिंदाची खूण दिसते की नाही, निलयाची खूण अरुंद आहे की रुंद, असा एकामागून एक प्रश्नांचा क्रम वाचकाच्या मनात रुजवला जातो आणि प्रत्येक बिघाडाबरोबर त्याचा धोका व त्यावरची कृती सांगितली जाते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर येथे परिचारिका प्रथमच वाक्याचा कर्ता झाली. जुन्या पुस्तकांत डॉक्टर ठरवतो आणि परिचारिका पार पाडते. येथे ती पाहते, ओळखते, ठरवते आणि करते.

त्या काळातील प्रत्यक्ष कार्यानेही या भूमिकेस पुष्टी दिली. १९६७ साली किलिप आणि किंबॉल यांनी न्यूयॉर्क येथील आपल्या कक्षातील २५० रोग्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रोग्यांची चार वर्गांत विभागणी आहे. पहिल्या वर्गात हृदय निकामी होण्याची कोणतीही खूण नसलेले रोगी येतात आणि त्यांतील मृत्यूचे प्रमाण ६ टक्के होते. चौथ्या वर्गात रक्तदाब कोसळून अंग थंड पडलेले रोगी येतात आणि तेथे ते ८१ टक्के होते. ही विभागणी आजही वापरात आहे. ती कोणत्याही गुंतागुंतीच्या यंत्रावर अवलंबून नाही, ही तिच्यातील लक्षणीय गोष्ट होय. फुप्फुसांच्या तळाशी होणारी करकर, हृदयाचा तिसरा ध्वनी, त्वचेचा थंडपणा, लघवीचे घटलेले प्रमाण या सर्व गोष्टी खाटेजवळच्या डोळ्यांना, कानांना व हातांना कळणाऱ्या आहेत. रोगी पहिल्या वर्गातून दुसऱ्यात केव्हा गेला हे सर्वांआधी जिला कळू शकते ती परिचारिकाच असते.

ग्रंथाच्या काही प्रतिपाद्य गोष्टी काळाने खोट्या ठरवल्या, हेही नमूद केले पाहिजे. प्राणघातक बिघाडापूर्वी हृदय 'इशारा' देणारे जादा ठोके टाकते आणि ते औषधाने दाबले की धोका टळतो, अशी त्या पिढीची दृढ समजूत होती. ती टिकली नाही. १९८९ साली 'कास्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचा पहिला वृत्तांत आला आणि झटक्यातून वाचलेल्यांचे जादा ठोके एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनी दाबल्यास मृत्यू उलट वाढतात, असे दिसून आले. यासाठी १९६५ च्या लेखकांना दोष देणे न्याय्य होणार नाही. परंतु त्यातून शिक्षणाविषयी एक निष्कर्ष निघतो. नियम बदलतात, नीट पाहण्याची आणि पाहिलेले नीट सांगण्याची सवय मात्र प्रत्येक नियमाला पुरून उरते. ग्रंथाने यांतील पहिली सवय उत्तम लावली. दुसरीविषयी तो जवळजवळ मौन बाळगतो.

४

हे मौन क्षुल्लक नाही. ग्रंथातील परिचारिका आलेख वाचते, पण ती बोलताना फारशी दिसत नाही. व्हीएफ ओळखल्यावर बोलण्याची गरजच नसते, हे खरे. परंतु अतिदक्षता कक्षातील बहुसंख्य प्रसंग व्हीएफसारखे निःसंदिग्ध नसतात. रक्तदाब हळूहळू उतरतो, रोगी अस्वस्थ होतो, आलेखात थोडासा फरक पडतो. अशा वेळी निर्णय एकटीचा नसतो. तो दुसऱ्यास पटवून द्यावा लागतो. तेथे ज्ञानाइतकेच वचनही कसाला लागते.

ग्रंथाच्या पाठोपाठ दोनच वर्षांत अमेरिकेत प्रसिद्ध झालेले दोन लेख या उणिवेवर लख्ख प्रकाश टाकतात. १९६६ साली चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रुग्णालयातील परिचारिकेला एका अपरिचित डॉक्टरचा दूरध्वनी येई आणि 'ॲस्ट्रोटेन' नावाचे औषध २० मिलिग्रॅम देण्यास तो सांगे. औषध वस्तुतः निरुपद्रवी व कल्पित होते, परंतु बाटलीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असे स्पष्ट लिहिलेले होते. दूरध्वनीवरील आदेश स्वीकारणे नियमाविरुद्ध होते आणि औषधही मान्य यादीतले नव्हते. तरीही २२ पैकी २१ परिचारिका ते देण्यास निघाल्या. त्यांना वाटेतच थांबविण्यात आले. याहून बोधक गोष्ट पुढची आहे. हाच प्रसंग जेव्हा केवळ प्रश्नाच्या रूपात १२ परिचारिकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांपैकी १० जणींनी आपण औषध देणार नाही असे सांगितले; २१ विद्यार्थिनींनी तर एकमुखाने तेच उत्तर दिले. म्हणजे उत्तर माहीत होते. उणीव ज्ञानाची नव्हती. 'ही मात्रा दुप्पट आहे, मी ती देणार नाही' हे वाक्य दूरध्वनीवर उच्चारण्याची सवय नव्हती.

दुसरा लेख लिओनार्ड स्टाइन यांचा, १९६७ चा. त्याचे शीर्षकच 'डॉक्टर-नर्स खेळ' अशा अर्थाचे आहे. स्टाइन यांचे निरीक्षण असे की, परिचारिका डॉक्टरला महत्त्वाच्या सूचना देते. परंतु त्या सूचना वाटू नयेत, डॉक्टरलाच ते सुचले असे भासावे, अशा रीतीने तिने बोलावे लागते. डॉक्टरही तिचा सल्ला मागतो, पण मागत नसल्यासारखे दाखवतो. या खेळाचा पहिला नियम म्हणजे उघड मतभेद टाळणे. १९९० साली स्टाइन यांनी सहलेखकांसह या विषयाचा पुन्हा विचार केला, तेव्हा परिचारिकांनी हा खेळ खेळणे सोडण्यास आरंभ केल्याचे त्यांनी नोंदविले.

हे तीन ग्रंथ-लेख एकत्र वाचले म्हणजे एक विसंगती समोर येते. एकाच देशात, एकाच दशकात, शिक्षण परिचारिकेला सांगत होते की, तू निर्णय घे. आणि रुग्णालयाची बोली तिला सांगत होती की, निर्णय तुझा आहे असे दिसू देऊ नकोस. पाठ्यग्रंथाने तिला कर्त्याचे स्थान दिले खरे, पण ते आलेखापुरते. संभाषणात ती पूर्वीसारखीच अप्रत्यक्ष राहिली.

५

नंतरच्या काळात ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध योजना 'एसबार' या नावाची होय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतील निवेदन-पद्धतीवरून ती घेतली गेली आणि या शतकाच्या आरंभी मायकेल लेनर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कैसर पर्मनेंटे या संस्थेत ती रुग्णसेवेसाठी रूढ केली. आता काय घडत आहे, रोग्याची पूर्वपीठिका काय, सांगणाऱ्याच्या मते याचा अर्थ काय आणि काय करावे असे त्याला वाटते, हे चार भाग त्याच क्रमाने सांगावयाचे असतात. याच्या जोडीला तोंडी आदेश ऐकणाऱ्याने तो परत उच्चारून खात्री करून घेण्याची रीतही आली. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील गोंधळ टाळण्यासाठी 'एक पाच' व 'पाच शून्य' असे आकडे सुटे करून म्हणावयाचे, 'युनिट' या शब्दाचे आद्याक्षर लिहावयाचे नाही, कारण ते शून्यासारखे वाचले जाते, असे संकेतही रूढ झाले.

समीक्षेच्या दृष्टीने या योजनेचे पहिले दोन भाग आणि शेवटचे दोन भाग यांत मूलभूत फरक आहे. काय घडले व पूर्वी काय होते, हे निवेदन होय. त्यात कोणाचाही मान दुखावत नाही. याचा अर्थ काय आणि काय करावे, हे मात्र मत व आग्रह आहे. खालच्या पायरीवरील व्यक्तीने वरच्या पायरीवरील व्यक्तीस ते सांगावयाचे असते, आणि तेथेच जीभ अडखळते. पाणबुडीतील योजना इंग्रजीत घडली. ती दुसऱ्या भाषेत नेताना चार रकाने नेले म्हणजे काम संपत नाही. त्या भाषेत वरिष्ठाला आग्रहाने सांगण्याचे कोणते मार्ग आहेत, याचा शोध घ्यावा लागतो.

६

येथे विषय महाराष्ट्राशी येऊन भिडतो. भारतात परिचर्या-शिक्षणाचे नियमन १९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेकडे आले. हृदय व छातीच्या विकारांची परिचर्या हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे, पदविका अभ्यासक्रमही आहेत, आणि २०१७ पासून अत्यवस्थ रोग्यांच्या परिचर्येसाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही परिषदेने आखून दिला आहे. त्यात वर्गातील पाठांपेक्षा खाटेजवळच्या कामाला कितीतरी मोठा वाटा आहे. या सर्वांची ग्रंथभाषा इंग्रजी आहे. याउलट महाराष्ट्रातील अतिदक्षता कक्षात पडलेला रोगी बहुधा मराठीत, त्यातही आपल्या भागातील मराठीत बोलतो. परिचारिकेची मातृभाषा पुष्कळदा मराठी असते. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती मलयाळम असण्याचाही मोठा संभव असतो. शिक्षण एका भाषेत, वेदना दुसऱ्या भाषेत आणि नोंद पुन्हा पहिल्या भाषेत, असा हा प्रवास आहे. या प्रवासात काय गळते, हा खरा प्रश्न होय.

काही शब्द तपासून पाहू. इंग्रजी नोंदीत 'गिडिनेस' हा एक शब्द येतो. मराठीत त्या जागी चक्कर, घेरी, भोवळ, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे अनेक शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. 'गरगरतं' म्हणणाऱ्याला भोवतालचे जग फिरताना दिसते; त्याचे मूळ पुष्कळदा कानात असते. 'अंधारी येते' म्हणणाऱ्याच्या मेंदूला क्षणभर रक्त कमी पडत असते. हृदयातील विद्युत्‌-वहन खंडित होत असलेल्या रोग्याचे हेच वाक्य असू शकते. रोग्याने केलेला हा नेमका भेद नोंदीतील एका इंग्रजी शब्दात पुसला जातो.

दुसरे उदाहरण 'घाबरणे' या क्रियापदाचे. मराठीत हे मनाचे भय जसे दाखवते, तसेच शरीराची एक अवस्थाही दाखवते. 'जीव घाबरा होतो', 'घाबरल्यासारखं होतंय' असे म्हणणारा रोगी कशाला भीत आहे हे सांगत नसतो. घाम, कासाविशी आणि काहीतरी विपरीत होणार असल्याची जाणीव यांचे एकत्रित वर्णन तो करीत असतो, आणि ही जाणीव हृद्रोगाच्या ज्ञात लक्षणांपैकी आहे. त्याचे भाषांतर 'अँग्झायटी' असे झाले की, लक्षण मानसिक रकान्यात जाऊन पडते आणि उत्तरादाखल धीर दिला जातो. ज्याचा आलेख काढावयास हवा त्याची समजूत घातली जाते.

'कसंतरी होतंय' आणि 'कसंनुसं होतंय' हे प्रयोग तर कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. ते अस्पष्ट आहेत म्हणून टाकाऊ मानले जातात. वस्तुतः मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात झटक्याचे स्वरूप पुष्कळदा असेच अस्पष्ट असते. छातीत नेमके दुखणे त्यांना जाणवेलच असे नाही. शिवाय हृदयाच्या खालच्या भागातील झटक्याची वेदना पोटाच्या वरच्या टोकाशी जाणवते आणि 'पित्त झालं', 'गॅस छातीत चढला' अशा शब्दांत सांगितली जाते. येथे रोगी लक्षणाबरोबर कारणही सांगून मोकळा होतो, आणि ऐकणारी कारण ऐकून लक्षण विसरते.

काळ दाखवण्याच्या रूपांतही असाच धोका आहे. वेदना चालू आहे की थांबली, यावर तातडी ठरते. ती केव्हा सुरू झाली, यावर बंद रोहिणी उघडण्याच्या उपचाराचा लाभ अवलंबून असतो. वऱ्हाडी बोलीत 'जीव घाबरून राहिला' याचा अर्थ 'आता, या क्षणी घाबरत आहे' असा होतो. पश्चिम महाराष्ट्रातील परिचारिकेच्या कानाला तेच वाक्य झालेल्या गोष्टीचे वाटू शकते. 'दुखतंय', 'दुखत होतं', 'दुखून गेलं' आणि 'दुखून राहिलं' यांतील फरक हा येथे व्याकरणाचा सराव नाही. त्यावर उपचाराची घाई अवलंबून आहे.

त्यात भर पडते ती सौजन्याची. मराठी रोगी, विशेषतः ग्रामीण व वयस्क, परिचारिकेला हाक मारताना आपले दुखणे लहान करून सांगतो : 'काही नाही सिस्टर, जरा छातीत भरून आल्यासारखं झालं.' यातील 'काही नाही', 'जरा' आणि 'सारखं' हे तिन्ही शब्द वेदनेचे मोजमाप नव्हेत. तसदी दिल्याबद्दलची ती दिलगिरी आहे. हे तीन शब्द वगळून उरलेले वाक्य ऐकण्याची सवय शिक्षणानेच लावावी लागेल, कारण कोणत्याही इंग्रजी पाठ्यग्रंथात ती सापडणार नाही.

७

आता बोलण्याच्या बाजूकडे वळू. एक कल्पित प्रसंग घ्यावा. रात्री दोन वाजता परिचारिका डॉक्टरना दूरध्वनी करते : 'सर, चार नंबरचा पेशंट जरा रेस्टलेस वाटतोय. बीपी पण थोडं कमी आहे. एकदा बघता का?' या तीन वाक्यांत माहिती जवळजवळ नाही आणि आग्रह तर मुळीच नाही. 'बघता का' या प्रश्नाला 'सकाळी बघतो' हे उत्तर सहज देता येते. स्टाइन यांचा खेळ मराठीतही तितक्याच सहजतेने खेळला जातो; 'जरा', 'थोडं' आणि 'एकदा' ही त्याची साधने होत.

याच प्रसंगाचे दुसरे रूप असे : 'सर, बेड चार. रक्तदाब तासाभरात १३० वरून ८६ वर आला. नाडी १२८. हातपाय थंड, अंगाला घाम. दोन तासांत लघवी १५ मिली. काल पुढच्या भिंतीचा झटका आलेला रोगी. शॉक सुरू होत आहे असं मला वाटतं. तुम्हाला आत्ता यावं लागेल.' येथे चारही भाग आहेत. विशेष पाहण्याजोगे आहे ते शेवटचे वाक्य.

मराठी परिचारिकेला वरिष्ठास 'या' असे आज्ञार्थात सांगणे जड जाते, आणि ते स्वाभाविक आहे. आदरार्थी आज्ञाही आज्ञाच असते. परंतु मराठीच्या व्याकरणात आज्ञा आणि विनवणी यांच्या मधली एक जागा आहे. 'यावं लागेल' या रचनेत येणाऱ्याला चतुर्थीसारखे रूप मिळते आणि गरज ही बोलणाऱ्याच्या इच्छेतून नव्हे, तर परिस्थितीतून निर्माण झालेली दिसते. 'तुम्ही या' यात एक माणूस दुसऱ्याला हलवतो. 'तुम्हाला यावं लागेल' यात रोग्याची अवस्था दोघांनाही बांधून घेते. मान राखला जातो आणि नकाराची वाटही अरुंद होते. 'ही मात्रा देता येणार नाही' या वाक्याचेही तसेच. 'मी देणार नाही' यात अवज्ञा ऐकू येईल. 'देता येणार नाही' यात बाटलीवरची मर्यादाच बोलते. हॉफलिंग यांच्या २१ परिचारिकांपाशी जे वाक्य नव्हते, ते मराठी परिचारिकेच्या मातृभाषेत आयते आहे. तिला ते शिकवले मात्र जात नाही.

८

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हृदय थांबल्यावर भाषेचा विचार कोण करतो? तेथे हात चालले पाहिजेत. हे खरे आहे आणि या लेखात त्याचा कोठेही इन्कार नाही. छातीवर दाब कसा द्यावा, यंत्र कसे लावावे, हे पुतळ्यावर पुनःपुन्हा केल्यानेच अंगवळणी पडते. परंतु ज्या कारणास्तव हातांना सराव लागतो, त्याच कारणास्तव वाक्यांनाही लागतो. संकटाच्या क्षणी माणूस नवे वाक्य रचत नाही. तो तोंडात बसलेले वाक्य उच्चारतो. 'जरा बघता का' हे तोंडात बसलेले असेल तर तेच बाहेर पडेल.

दुसरा आक्षेप भाषाभिमान्यांकडून येईल : मग सारे शिक्षणच मराठीत का नसावे? परिभाषा घडविण्याचे कार्य मोलाचे आहे. अलिंद व निलय हे शब्द शालेय पुस्तकांनी रुळवले आणि या लेखातही ते निःसंकोच वापरले आहेत. तथापि संकटकाळी 'व्हीएफ' या दोन अक्षरांऐवजी निलयकंपनासारखा शब्द उच्चारावा, असा आग्रह धरल्याने रोग्याचे हित होणार नाही. तांत्रिक संज्ञा सर्व कक्षांत एकच असणे ही सुरक्षिततेची अट आहे. मराठीची गरज नावांसाठी नाही. ती ऐकण्यासाठी आणि सांगण्यासाठी आहे. इंग्रजी पाठ्यक्रमात मराठी शब्दांची भर घालण्यापेक्षा रोग्याच्या वाक्यांचा व परिचारिकेच्या निवेदनांचा एक पद्धतशीर संग्रह तयार करणे अधिक निकडीचे आहे. 'अंधारी', 'घाबरं', 'कसंतरी', 'भरून येणं', 'धाप' आणि 'श्वास कोंडणं' हे शब्द कोणत्या भागात, कोणत्या वयाचे लोक, कोणत्या अवस्थेसाठी वापरतात आणि प्रत्येकावर परिचारिकेने पुढचा कोणता प्रश्न विचारावा, हे त्यात असावे. हे काम एकट्या परिचर्या महाविद्यालयाचे नाही आणि एकट्या मराठी विभागाचेही नाही. ते दोघांनी मिळून करावयाचे आहे. बोलींच्या अभ्यासासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना यापेक्षा उपयुक्त क्षेत्र मिळणे कठीण आहे.

मेल्ट्झर, पिनिओ आणि किचेल यांच्या ग्रंथाचे ऋण मान्य करूनच ही उणीव सांगावयाची आहे. परिचारिका आलेख वाचू शकते आणि त्यावर कृती करू शकते, हे त्यांनी सिद्ध केले नसते, तर तिच्या बोलण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. १९६५ साली त्यांनी जे डोळ्यांसाठी केले, ते कान आणि वाणी यांच्यासाठी करणे शेष आहे. पहाटेच्या वेळी एखादी आजी 'सिस्टर, कसंतरीच होतंय' असे हळूच म्हणते, तेव्हा ते ऐकून पुढचा प्रश्न विचारणारी आणि त्याचे उत्तर न कचरता वरिष्ठांपर्यंत पोहोचविणारी परिचारिका घडते की नाही, यावरच या शिक्षणाची परीक्षा व्हावयास हवी.